पेवांतली ज्वारी

आपल्या भाषेंत एक वाक्प्रचार आहे. शहरांत शिकवणीचे वर्ग वाढले, कीं आपण म्हणतों, 'वर्गांचें पेव फुटलें आहे.' वर्तमानपत्रें वाढलीं, पुढारी वाढले, तरी आपण हेंच म्हणतों. ज्या वस्तूवरून हा वाक्प्रचार निघाला ती वस्तु मात्र आपल्यापैकीं फारच थोड्यांनीं पाहिली असेल. पेव म्हणजे जमिनीच्या पोटांतलें धान्याचें कोठार. वऱ्हाडांतल्या गांवोगांवीं एके काळीं अशीं पेवें असत. आतां तीं बहुतेक बुजून गेलीं आहेत. तीं कां बुजलीं, हा प्रश्न वरवर पाहतां किरकोळ वाटेल. परंतु त्याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे बुलढाणा जिल्ह्याचा गेल्या दीडशें वर्षांचा इतिहास उलगडत जातो; आणि आपल्या मुलुखांत पिकलेलें धान्य आपण विकत घ्यावें व खावें, असें जें हल्लीं पुष्कळांच्या तोंडीं ऐकूं येतें, त्याचा खरा अर्थहि कळूं लागतो.

बुलढाणा जिल्ह्याचे निसर्गानेंच दोन भाग केले आहेत. दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगरांचें पठार; बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा हीं गांवें या पठारावरचीं. घाट उतरला कीं पूर्णा नदीचें सखल खोरें लागतें. मलकापूर, नांदुरा, शेगांव, जळगांव जामोद हा मुलूख त्या खोऱ्यांतला, आणि त्याच्याहि उत्तरेस सातपुड्याची भिंत. जुन्या काळीं यांसच बालाघाट व पाईनघाट म्हणत. पूर्णाकांठची काळी जमीन कसदार खरी, पण तिच्या पोटांतलें पाणी पुष्कळ ठिकाणीं खारट आहे. त्या पट्ट्यास आजहि खारपाणपट्टा असें म्हणतात. विहीर खणावी आणि मळा फुलवावा, ही सोय तेथें नाहीं. म्हणून या जिल्ह्याचें पोट बव्हंशीं पावसावर येणाऱ्या पिकांवर, आणि त्यांतहि विशेषेंकरून ज्वारीवर, भरत आलें.

ज्वारीचें मूळ घर आफ्रिकेंत. हजारों वर्षांपूर्वीं ती आपल्याकडे आली आणि इकडचीच होऊन गेली. तिच्याबरोबर जी मिरची आपण ठेच्यांत खातों ती तर पोर्तुगीजांच्या मागून आलेली, अमेरिकेची कन्या. तेव्हां 'स्थानिक' या शब्दाचा अर्थ कुलशीलावरून ठरवूं गेल्यास फसगत होईल. जें पीक येथल्या मातींत रुजलें, येथल्या पावसावर तरलें आणि येथल्या माणसांच्या व्यवहारांत मुरलें, तें स्थानिक. या कसोटीवर ज्वारीइतकें अस्सल वऱ्हाडी दुसरें धान्य नाहीं. कणसांतला दाणा माणसाला, कडबा बैलाला आणि धसकटें चुलीला. त्याच शेतांत तुरीच्या, मुगाच्या, उडदाच्या ओळी. बांधाकडेला अंबाडी आणि तीळ. म्हणजे एका शेतांतून भाकरी, वरण, भाजी आणि चटणी असें सबंध जेवणच निघे. हिवाळ्यांत हुरडा, सणाला लाह्या, आजाऱ्याला कण्या, आणि उडीद घालून दळलेल्या पिठाची खमंग कळण्याची भाकरी. शेगांवीं 1878 सालीं प्रकट झालेले आणि 1910 सालीं समाधिस्थ झालेले संत गजानन महाराज यांना भाविक आजहि पिठलें-भाकरी, अंबाडीची भाजी, कांदा असा नैवेद्य दाखवितात. या मुलुखांतला गरीब मनुष्य जें खात असे, तेंच येथल्या देवाचें पक्वान्न ठरलें.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, कीं ज्वारी हें या मुलुखाचें चलनहि होतें. सालदाराच्या सालांत ज्वारीचा वांटा असे. कापणीच्या मजुराला मजुरी दाण्यांत मिळे. सुतार, लोहार, कुंभार इत्यादि बलुतेदारांचें येणें खळ्यावरच मापून दिलें जाई. रुपयाचा भाव चढो कीं पडो, ज्याच्या पदरांत ज्वारी पडली त्याच्या घरीं चूल पेटत असे. हा मुद्दा ध्यानांत ठेवावा. पुढें तो फार उपयोगी पडणार आहे.

आतां पेवाकडे वळूं. गांवाच्या पांढरींत, जेथें पावसाचें पाणी मुरत नाहीं अशी उंचवट्याची कोरडी जागा पाहून, तोंडाशीं अरुंद आणि आंत पोटाळ असा खड्डा खणीत. त्याच्या तळाला व बाजूंना कडब्याचा किंवा भुसाचा जाड थर देत. मग आंत ज्वारी ओतून वर पुन्हां भुसा, दगड आणि माती घालून तोंड लिंपून टाकीत. आंत हवा खेळत नसल्यामुळें किडा जगत नसे, आणि धान्य एकच नव्हे तर कित्येक वर्षें टिकत असे. पेव उघडल्याबरोबर आंत उतरणें मात्र जिवावरचें काम; आंतली कोंडलेली दूषित हवा निघून जाईपर्यंत तें तसेंच उघडें टाकावें लागे. अशा ज्वारीला एक प्रकारचा कुबट वास येई, आणि ती पेरण्यास नीट उपयोगी पडत नसे. म्हणून बियाणें निराळें, कणगींत किंवा मडक्यांत राख घालून ठेवीत. पेवांतलें धान्य पुढच्या पेरणीसाठीं नव्हतें, विकण्याची घाई असलेल्याचेंहि नव्हतें. ज्या वर्षीं पाऊस येणार नाहीं, त्या वर्षासाठीं तें होतें.

येथें जुन्या काळाचें चित्र फार गोड करून रंगविण्याचा मोह आंवरला पाहिजे. पेव बहुधा पाटलाचें असे, सावकाराचें असे. गोरगरिबाची मजल कणगीच्या पलीकडे क्वचितच जाई. दुष्काळांत पेवाचें तोंड केव्हां उघडावयाचें आणि कोणत्या दरानें, हें धनीच ठरवी. शिवाय पाऊस लागोपाठ दोन-तीन वर्षें रुसला म्हणजे पेवेंहि रितीं होत, आणि मग बाहेरून धान्य आणण्यास बंजाऱ्यांच्या बैलांवांचून साधन नसे. 1630 ते 1632 च्या महादुष्काळांत काय झालें याची साक्ष पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानें लिहून ठेविली आहे. 1630 च्या अखेरीस तो सुरतेहून बऱ्हाणपुरास गेला, तेव्हां रस्त्यावर प्रेतांचे ढीग त्यानें पाहिले. बऱ्हाणपूर म्हणजे आपल्या जळगांव जामोदच्या उत्तरेस, सातपुड्यापलीकडचें शहर. तेथें त्या वेळीं शहाजहान बादशहाचा तळ पडला होता. 1631 सालीं मुमताज महल तेथेंच वारली. ताजमहालाची कथा सर्वांस ठाऊक आहे. त्याच काळांत त्याच वाटेवर अन्नावांचून मेलेल्यांचें स्मारक कोठेंच नाहीं. तात्पर्य, जो मुलूख केवळ स्वतःच्या कोठारावर विसंबून राहतो आणि ज्याला बाहेरची वाट नाहीं, त्याचीहि गत बरी होत नाहीं.

ही बाहेरची वाट एकोणिसाव्या शतकांत उघडली. 1853 च्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें. पुढें 1861 पासून 1865 पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तेथून लँकेशायरच्या गिरण्यांना जाणारा कापूस बंद पडला, आणि इंग्रज व्यापाऱ्यांची दृष्टि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर खिळली. कापसाचे भाव असे चढले कीं पूर्वीं कोणीं स्वप्नांतहि पाहिले नव्हते. त्याच सुमारास मुंबईहून निघालेली रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगांवावरून पुढें सरकत 1867 सालीं नागपुरास पोहोंचली. खामगांवचा व्यापार 1820 च्या सुमारास तूप, सूत आणि थोडासा कापूस यांवर सुरू झालेला. पन्नास वर्षांच्या आंत तेंच खामगांव हिंदुस्थानांतल्या मोठ्यांतल्या मोठ्या कापूसपेठांत गणलें जाऊं लागलें. जलंबपासून खामगांवपर्यंत आगगाडीचा फाटा काढण्यांत आला, आणि 1870 सालीं तो सुरू करण्यास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगांवास आले. (खामगांव त्या वेळीं अकोला जिल्ह्यांत मोडत असे, 1905 च्या फेररचनेंत तें बुलढाण्यास जोडलें गेलें.) एका तालुक्याच्या गांवासाठीं साऱ्या देशाचा राज्यकर्ता येतो, यावरून मँचेस्टरला त्या गांवाची गरज किती होती, हें समजावें.

शेतकऱ्यानें कापूस लावला यांत त्याचा दोष नाहीं. सारा रोख रुपयांत भरावयाचा होता, सावकाराचें देणें रोख होतें, आणि रोख रुपया कापूसच देत होता. कित्येक घरांत या पैशानें सुबत्ताहि आली. ज्वारी एकदम नाहींशी झाली नाहीं. कापूस आणि ज्वारी हीं या जिल्ह्याचीं दोन मुख्य पिकें विसाव्या शतकांतहि कायम राहिलीं. बदल झाला तो साठवणींत. स्टेशन जवळ आलें आणि दूरच्या बाजारांतला भाव तारेनें कळूं लागला, तेव्हां ज्वारी चार वर्षें जमिनींत पुरून ठेवणें हा वेडेपणा वाटूं लागला. 1876 ते 1878 च्या दख्खनच्या दुष्काळांत रेल्वेनें धान्य एका भागांतून दुसऱ्या भागांत गेलें. उपाशी जिल्ह्यांना त्याचा आधार झाला, आणि जेथें पीक बरें होतें तेथेंहि भाव चढले. जो तो म्हणूं लागला, धान्य विकावें, रुपये ठेवावे. लागेल तेव्हां गाडी धान्य आणीलच. पेवें अशा रीतीनें, कोणाच्या हुकुमावांचून, एकेक करून रितीं झालीं.

त्यानंतर 1896-97 चा दुष्काळ आला. आणि त्याचे घाव भरतात न भरतात तोंच 1899 सालीं पाऊस पुन्हां फसला. या वेळीं रेल्वे होती, बाहेरचें धान्य डब्यांतून येऊन पडत होतें, बाजारांत पोतीं दिसत होतीं. उणीव होती ती पोतें घेणाऱ्याजवळच्या पैशाची. कापूस बुडाला म्हणून वेंचणीची मजुरी बुडाली. ज्वारी बुडाली म्हणून खळ्यावरचा वांटा बुडाला. आणि पूर्वीं ज्या पेवावर हक्कानें नाहीं तरी गयावया करून जातां येत असे, तें पेवहि उरलें नव्हतें. सरकारी कामांवर खडी फोडून जो पैसा मिळे, तेवढ्यावर माणसें जगलीं तीं जगलीं. बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या 1891 सालीं 4,81,021 होती. 1901 च्या खानेसुमारींत ती 4,23,616 भरली. दहा वर्षांत शेंकडा 12 माणसें कमी झालीं. दुष्काळ, त्याच्या पाठोपाठ आलेले रोग आणि पोटासाठीं केलेलें स्थलांतर, या सर्वांचा तो एकत्रित हिशेब आहे. ज्या पेठेचें उद्‍घाटन करण्यास व्हाइसरॉय आले, तिच्याच भोंवतालच्या मुलुखाची ही कथा.

प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनीं 1981 सालच्या आपल्या ग्रंथांत हें कोडें साऱ्या जगापुढें नीट उलगडून मांडलें. दुष्काळांत माणूस मरतो तो देशांत धान्य नसतें म्हणूनच असें नाहीं. समोरच्या धान्यावर त्याचा हक्क उरत नाहीं म्हणून मरतो. त्यांनीं मुख्यतः 1943 च्या बंगालच्या दुष्काळाचा विचार केला होता. परंतु वऱ्हाडांतल्या सालदाराला हें तत्त्व पुस्तकावांचून ठाऊक असावें. मजुरी दाण्यांत मिळाली तर भाव कितीहि चढो, दाणा तोच राहतो. मजुरी रुपयांत मिळूं लागली, कीं ताटांतली भाकरी मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या बाजारभावाशीं बांधली जाते.

स्वदेशीची चळवळ 1905 सालीं उठली ती मुख्यतः कापडाच्या प्रश्नावर. अन्नाचा विचार तिच्यांत जरा उशिरां आला. वऱ्हाडच्या शेजारीं वर्ध्यास 1934 च्या डिसेंबरांत महात्मा गांधींच्या पुढाकारानें अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली, आणि जे. सी. कुमारप्पा यांनीं मगनवाडींत राहून हातसडीचा तांदूळ, घाणीचें तेल, गूळ यांचा पुरस्कार केला. गांवानें आधीं आपल्या पोटाची तजवीज करावी आणि उरेल तें बाजारास न्यावें, हें त्यांच्या विचाराचें सार. त्याआधीं चार वर्षें, 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहांत, पूर्णेच्या खोऱ्यांतल्या खाऱ्या पाण्यानेंहि आपला वांटा उचलला होता. समुद्र शेंकडों कोस दूर असतां अकोला जिल्ह्यांतल्या दहीहंडा येथें विहिरीचें पाणी आटवून मीठ करण्यांत आलें. ज्या खारटपणाला शेतकरी नेहमीं दूषण देई, तोच त्या दिवशीं स्वराज्याच्या कामीं आला.

स्वराज्य मिळालें, परंतु धान्याची चणचण सरली नाहीं. 1954 च्या पी. एल. 480 या अमेरिकन कायद्याखालीं परदेशचें धान्य येऊं लागलें. 1972 च्या दुष्काळांतली तांबडी मिलो ज्यांनीं खाल्ली, ते तिचें नांव अजून तोंड वांकडें करूनच घेतात. ही मिलो म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून अमेरिकेंतली ज्वारीच. तिकडे ती गुराढोरांना घालतात. महाराष्ट्रानें ज्वारीसाठीं समुद्रापलीकडे हात पसरावा, याहून मोठा दैवदुर्विलास कोणता? मात्र त्या मिलोनें पुष्कळांचे प्राण वांचविले, हेंहि तितक्याच मोकळेपणानें सांगितलें पाहिजे. इकडे 1964 सालीं ज्वारीचें पहिलें संकरित वाण देशांत प्रसृत झालें. त्याचें उत्पन्न भरघोस; पण ताट ठेंगणें, म्हणून कडबा कमी; पीक लवकर तयार होई, म्हणून परतीच्या पावसांत सांपडून दाणा काळा पडे; आणि भाकरीला जुन्या ज्वारीची गोडी नाहीं. 'हायब्रीड' हा शब्दच मग खेड्यांतून हिणकस वस्तूला लावूं लागले.

यानंतरची हकीकत आपल्या डोळ्यांदेखत घडलेली आहे. रेशनच्या दुकानांतून गहू आणि तांदूळ स्वस्त मिळूं लागले. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यांत भरड धान्याचीहि तरतूद आहे. परंतु प्रत्यक्षांत पिशवींत पडतात ते मुख्यतः गहू-तांदूळच, आणि 2023 पासून ते विनामूल्य आहेत. गरिबाच्या घरांतली भूक यानें शमली, ही लहान गोष्ट नव्हे. 1899 च्या माणसाला जो हक्क नव्हता तो आजच्या माणसाला कायद्यानें मिळाला. पण त्याबरोबरच ज्वारीला घरांतलें गिऱ्हाईक उरलें नाहीं. गेल्या तीस-चाळीस वर्षांत तिच्या शेतांत सोयाबीन आलें. कापूस निदान अंगावर घालतां येतो. सोयाबीन पिकविणाऱ्याच्या घरांत बहुधा शिजतहि नाहीं. तें पोत्यांतून गिरणीस जातें. त्याचें तेल निघतें, आणि पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यांत जाते. आणि ज्या जिल्ह्यानें तेलबियांचे ढीग घातले, त्याच्या उपाहारगृहांतल्या कढईंत इंडोनेशियाचें किंवा मलेशियाचें पामतेल उकळत असतें.

मग एखाद्या शेतकऱ्यानें पुन्हां ज्वारी पेरावी, असें म्हणणें सोपें आहे. त्याची अडचण ऐका. साऱ्या शिवारांत ज्वारी असे तेव्हां पांखरें खात तीं सगळ्यांचें थोडथोडें खात. आज शंभर शेतांत सोयाबीन आणि एकाच शेतांत ज्वारी असली, तर पंचक्रोशींतलीं पांखरें त्या एकाच कणसांवर उतरतात. रात्रीं रोही आणि रानडुकरें. गोफण घेऊन माळ्यावर बसणारें माणूस घरांत नाहीं. बैल कमी झाले, म्हणून कडब्याची ओढ कमी. पीक कापावें, कणसें खुडावीं, मळावें, तर मजूर मिळत नाहीं. आणि एवढें करून बाजारांत न्यावें तर भाव बेताचा. एकट्यानें ज्वारी पेरतां येत नाहीं, असें शेतकरी म्हणतात तें अक्षरशः खरें आहे.

आपणां शहरवासीयांचें काम येथें सुरू होतें. भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रसंघानें 2023 हें वर्ष भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. त्या वर्षीं ज्वारीचीं बिस्किटें आणि चिवडे रंगीत पुड्यांतून दुकानांत आले, आणि ज्वारी प्रकृतीस चांगली असें डॉक्टरांनीं सांगितलें. ठीक आहे. परंतु प्रकृतीसाठीं खाल्लेली वस्तु प्रकृति सुधारली कीं सुटते. ज्वारी आपल्या ताटांत राहावी तिचें कारण याहून मोठें आहे. जें धान्य रोज खाणारें माणूस उरत नाहीं, तें धान्य पेरणारें माणूसहि उरत नाहीं; आणि मग ज्या वर्षीं बाहेरची वाट कोणत्याहि कारणानें अडेल, त्या वर्षीं येथली माती, येथला पाऊस आणि येथलें पीक यांची जुळणी पुन्हां बसविण्यास एक हंगाम पुरत नाहीं. बियाणें हरवतें, राखणीची रीत हरवते, आणि भाकरी थापणारा हातहि हरवतो.

1630 सालीं वाट नव्हती. 1899 सालीं वाट होती, पण पेव नव्हतें. दोन्ही वेळां माणसें मेलीं. तेव्हां बाहेरचें धान्य नकोच, अशी हाकाटी करणें शहाणपणाचें नाहीं, आणि बाहेरून सर्व कांहीं येईलच या भरंवशावर राहणेंहि शहाणपणाचें नाहीं. आठवड्यांतून तीन-चार वेळां तरी भाकरी. वर्षाची ज्वारी आणि तुरीची डाळ शक्य तर ओळखीच्या शेतकऱ्याकडून, हंगामांत, त्याला परवडेल अशा दरानें. आणि रेशनच्या दुकानांत ज्वारीहि असावी अशी मागणी. एवढें जरी चार घरांनीं मिळून केलें, तरी चार शेतांत ज्वारी उभी राहील, आणि पांखरें चौघांत वांटली जातील.

पेवें आतां पुन्हां खणलीं जाणार नाहींत, आणि खणावींत असेंहि मी म्हणत नाहीं. धान्य टिकविण्याचे याहून चांगले मार्ग आज उपलब्ध आहेत. परंतु पाऊस न येणाऱ्या वर्षाची आठवण पाऊस आलेल्या वर्षीं ठेवावी, हा जो त्या खड्ड्याचा हेतु होता, तो बुजूं देतां कामा नये.